मागच्या सीटवरचा होकार

आमच्यापैकी कोणीही 'शर्यत' हा शब्द उच्चारला नव्हता. रात्रीचे अकरा वाजून गेले होते, सिग्नल लाल होता आणि मी मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. आम्ही दोघेही तेव्हा सतरा वर्षांचे होतो. शेजारी दुसरी मोटारसायकल येऊन थांबली. तिच्यावरच्या मुलाने आमच्याकडे एकदा पाहिले, क्लच दाबून ठेवून दोनदा मूठ पिळली आणि तो पुन्हा समोर पाहू लागला. मित्राने मान किंचित मागे वळवली. मी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, "सोडू नकोस." सिग्नल हिरवा झाला. त्यानंतरच्या दीड-दोन मिनिटांतले मला फारसे आठवत नाही. वाऱ्याने डोळ्यांतून येणारे पाणी आणि मित्राच्या शर्टाची घट्ट पकडलेली कड एवढेच आठवते. कोण जिंकले हेही धड ठरले नाही, कारण पुढच्या चौकात तो डावीकडे वळला आणि आम्ही सरळ निघून गेलो. काहीही घडले नाही.

'काहीही घडले नाही' हे वाक्य त्या आठवणीच्या शेवटी मी कितीतरी वर्षे सवयीने जोडत आलो आहे. अलीकडे माझा भाचा त्याच वयाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, गाडीची किल्ली हा घरातल्या बोलण्याचा विषय झाला, आणि त्या निमित्ताने रस्त्यावरच्या शर्यतींविषयी निरनिराळ्या देशांचे कायदे काय म्हणतात ते मी वाचू लागलो. मी वकील नाही, त्यामुळे हे वाचन कुतूहलाचे आणि बरेचसे आडवेतिडवे आहे. परंतु त्यातली पहिलीच गोष्ट माझ्या त्या आवडत्या वाक्याला छेद देणारी निघाली: कायद्याच्या दृष्टीने त्या रात्री बरेच काही घडून गेले होते.

भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १८९ पाहावे. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांच्या शर्यतीत किंवा वेगाच्या चाचणीत जो भाग घेतो, किंवा ती होऊ देतो, तो गुन्हेगार ठरतो. अपघात झाला पाहिजे, कोणाला इजा झाली पाहिजे, निदान कोणी घाबरले पाहिजे, अशी कोणतीही अट त्या कलमात नाही. पूर्वी या गुन्ह्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड एवढीच शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन महिने आणि ५,००० रुपयांवर गेली, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्ष आणि १०,००० रुपयांवर. ब्रिटनच्या १९८८ च्याच रोड ट्रॅफिक ॲक्टमधील कलम १२ ही असेच थोडक्यात बोलते आणि शर्यत सिद्ध झाल्यावर वाहन चालवण्यास किमान बारा महिन्यांची बंदी घालणे न्यायालयावर बंधनकारक करते. जिंकणारा आणि हरणारा असा भेद यांपैकी कोणताही कायदा करत नाही. ज्या एका गोष्टीसाठी दोघांनी जीव धोक्यात घातलेला असतो, तिची नोंदच कागदावर कोठे होत नाही, हे मला प्रथम वाचले तेव्हा काहीसे गमतीचे वाटले होते.

मग शर्यत म्हणजे काय, हा प्रश्न येतो, आणि येथून विषय खोल जातो. पकडल्या गेलेल्या मुलांचा पहिला बचाव जगभर एकच असतो: आमचे काही ठरलेच नव्हते. हा बचाव सहसा टिकत नाही. जर्मन न्यायालयांनी मान्य केले आहे की शर्यतीसाठी आधीची बोलणी लागत नाहीत; उत्स्फूर्त आणि न बोलता झालेला समझोताही पुरेसा असतो. सिग्नलवर पिळलेली मूठ हे आमंत्रण होते आणि दिवा हिरवा होताच सुटलेली दुसरी गाडी ही त्याची स्वीकृती होती. दोन व्यापाऱ्यांमधला करार याहून फार वेगळ्या रीतीने होत नाही. जर्मनीने तर २०१७ मध्ये दंडसंहितेत कलम ३१५ ड घातले तेव्हा प्रतिस्पर्धी असण्याची अटही एका बाबतीत काढून टाकली. शक्य तितका जास्तीत जास्त वेग गाठण्यासाठी बेदरकारपणे एकटाच गाडी पळवणारा माणूसही त्या कलमात सापडतो. तेथील घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. २०१७ पूर्वी त्याच देशात अशी शर्यत ही केवळ वाहतूक नियमाचा भंग मानली जाई, आणि ती चारशे युरो दंड व महिनाभराच्या बंदीवर मिटत असे. आता नुसत्या सहभागासाठी दोन वर्षांपर्यंत आणि मृत्यू ओढवल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

या बदलामागे जी घटना होती, तिच्यापाशी मी बराच काळ थांबलो. १ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बर्लिनमधील कुरफ्युर्स्टनडाम या मध्यवर्ती रस्त्यावर दोन तरुण सिग्नलवर एकमेकांसमोर आले आणि त्यांच्यात शर्यत लागली. एक चोवीस वर्षांचा होता, दुसरा सव्वीस; म्हणजे किशोरवय दोघांचेही मागे पडलेले होते. लागोपाठचे लाल दिवे ओलांडत ते पुढे गेले. हिरवा दिवा मिळाल्याने चौकात शिरलेल्या एका ६९ वर्षांच्या गृहस्थांच्या गाडीला त्यांपैकी एकाने ताशी सुमारे १६० ते १७० किलोमीटर वेगाने धडक दिली आणि ते जागीच मरण पावले. २०१७ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दोघांनाही खुनी ठरवले. रस्त्यावरच्या शर्यतीच्या प्रकरणात 'खून' असा निकाल त्या देशात तोवर लागला नव्हता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च फेडरल न्यायालयाने तो निकाल रद्द केला, २०१९ मध्ये फेरसुनावणीत दोघेही पुन्हा खुनी ठरले, आणि २०२० मध्ये त्याच वरिष्ठ न्यायालयाने धडक देणाऱ्याची शिक्षा कायम ठेवली, दुसऱ्याची मात्र पुन्हा रद्द केली.

तो दुसरा माणूस माझ्या मनातून जात नाही. त्याची गाडी मृताच्या गाडीला लागलेलीच नव्हती. न्यायालयापुढचा पेच असा होता की दोघांनी मिळून शर्यत ठरवली हे खरे असले, तरी दोघांनी मिळून माणूस मारायचे ठरवले, असे त्यावरून म्हणता येते का? वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की एवढ्यावरून म्हणता येत नाही. तिसऱ्या सुनावणीत, २०२१ च्या मार्चमध्ये, त्याला खुनाच्या प्रयत्नासाठी तेरा वर्षांची शिक्षा झाली. ज्याने कोणाला स्पर्शही केला नाही त्याचे नशीब ठरवायला पाच वर्षे आणि तीन खटले लागले, आणि अखेर तेरा वर्षे त्याच्या वाट्याला आलीच.

हा पेच मोटारीच्याही आधीचा आहे, हे कळल्यावर मला नवल वाटले. इंग्लंडमध्ये १८४६ साली स्विंडल आणि ऑस्बोर्न या दोघांचा खटला चालला. ते आपापल्या घोड्यांच्या गाड्या एकमेकांना चेतवत सार्वजनिक रस्त्यावरून भरधाव हाकत होते आणि त्यांपैकी कोणाच्या तरी गाडीखाली सापडून रस्त्याने चालणारा एक माणूस मेला. कोणाच्या चाकाखाली, हे ठरवता येईना. न्यायाधीश पोलॉक यांनी ज्यूरीला सांगितले की ते ठरवण्याची गरजच नाही. दोघेही एकमेकांना वेगासाठी प्रवृत्त करत होते, म्हणून दोघेही सारखेच जबाबदार आहेत. मेलेला माणूस बहिरा होता, की प्यायलेला होता, की त्याचाही काही हलगर्जीपणा होता, याने आरोपींची सुटका होत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. इंजिन रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधी कायद्याने शर्यतीतला मूळ मुद्दा ओळखला होता, आणि तो मुद्दा चाकाचा नसून चेतवण्याचा होता.

अर्थात सर्वांनी तो एकाच रीतीने स्वीकारला असे नाही. शर्यतीतला प्रतिस्पर्धी स्वतःच मेला तर काय करायचे, यावर अमेरिकेतील राज्यांत सरळ मतभेद झाले. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका चालकाला निर्दोष सोडले. त्याला ओलांडण्यासाठी चुकीच्या बाजूला गेलेला प्रतिस्पर्धी समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळला होता, आणि न्यायालयाच्या मते मृत्यूचे थेट कारण मृताची स्वतःचीच कृती हे होते. १९८२ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळपास तशाच प्रसंगी उलट निकाल दिला. तेथे प्रतिस्पर्ध्यासोबत समोरच्या गाडीतील सहा वर्षांची एक मुलगीही मरण पावली होती, आणि वाचलेल्या चालकाला दोन्ही मृत्यूंबद्दल दोषी धरण्यात आले. पेनसिल्व्हेनियाचा तर्क काटेकोर आहे, हे मी मान्य करतो. तरीही मला आयोवाच्या बाजूला उभे राहावेसे वाटते, कारण शर्यतीत दुसऱ्याचा वेग हा पहिल्याच्या वेगाचाच भाग असतो. तो एकटा असता तर असा कधीच गेला नसता, आणि आम्हीही गेलो नसतो.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत या सगळ्याचा अर्थ काय होतो, ते फ्लोरिडातील टॅम्पा शहराच्या एका प्रकरणात दिसते. मे २०१८ मध्ये बेशोअर बुलेव्हार या रस्त्यावर अठरा आणि सतरा वर्षांची दोन मुले दोन गाड्यांतून शर्यत लावत होती. रस्ता ओलांडणारी एक तरुण आई आणि बाबागाडीतील तिची लहान मुलगी, दोघीही मरण पावल्या. धडक अठरा वर्षांच्या मुलाच्या गाडीने दिली होती. २०२१ मध्ये त्याला चोवीस वर्षांची कैद झाली. सतरा वर्षांच्या मुलाची गाडी दोघींना लागली नव्हती. त्याने गुन्हा आधीच कबूल केला होता, आणि त्याला सहा वर्षे कैद व त्यानंतर पंधरा वर्षांची परिवीक्षा, म्हणजे अटींवर आणि देखरेखीखाली मोकळीक, मिळाली. गाडीतल्या संगणकाने नोंदवून ठेवलेला वेग न्यायालयापुढे आला, त्या दिवसाचाही आणि त्याआधीच्या दिवसांचाही. साक्षीदार गोंधळतात, विसरतात. गाडी विसरत नाही. आमच्या त्या मोटारसायकलला असली स्मरणशक्ती नव्हती, आणि रस्त्यावर आमचे चित्रण करणारेही कोणी नव्हते.

याच प्रकरणात आणखी एक तपशील आहे, जो वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो. धडक देणाऱ्या गाडीत चालकाचा मोठा भाऊ शेजारी बसलेला होता, आणि शर्यतीच्या गुन्ह्यात पोलिसांनी त्यालाही आरोपी केले होते. फ्लोरिडाच्या कायद्यात शर्यत लावणाऱ्याबरोबर ती आयोजित करणारा, तिच्यासाठी पैसे गोळा करणारा, रस्ता अडवून धरणारा, आणि जाणूनबुजून त्या गाडीत प्रवासी म्हणून बसणारा असे सगळे एकाच यादीत येतात. मी गाडी चालवत नव्हतो, हे माझ्या आठवणीतले दुसरे सोयीचे वाक्य होते. तेही गेले. मी नुसता बसलेला नव्हतो. मी खांद्यावर थाप मारली होती.

त्या थापेचे मोजमाप पुढे मानसशास्त्रज्ञांनी केले आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोर, तरुण आणि प्रौढ अशा तीन वयोगटांतील ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ दिला होता. दिवा पिवळा झाल्यावर कोण किती उशिरा थांबतो, हे त्यात पाहायचे होते. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी समवयस्कांच्या देखत. बरोबरचे पाहत असताना किशोरांनी अधिक धोका पत्करला, प्रौढांच्या वागण्यात मात्र तसा फरक पडला नाही. अनेक देशांत नव्या चालकाला टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आहे, आणि तिच्यात मित्रांना गाडीत बसवण्यावर बंदी असते, ती याच कारणासाठी. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालील नव्या चालकाला पहिले बारा महिने वीस वर्षांखालील प्रवासी, सोबत मोठा परवानाधारक नसताना, नेता येत नाही. म्हणजे तेथल्या कायद्याने माझी मागची सीटच काढून घेतली असती.

कायद्याचे येथे खरे तर दोन चेहरे आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच अठरा वर्षांखालील गुन्हेगारांना देहदंड देणे बंद केले, तेव्हा अपरिपक्वता आणि समवयस्कांच्या दबावापुढे झुकण्याची वृत्ती ही कारणे स्पष्टपणे नमूद केली होती. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढाप्रमाणे खटल्याला सामोरे जाण्याची वाट उघडली, पण ती फक्त निर्घृण गुन्ह्यांपुरती, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षे असलेल्या गुन्ह्यांपुरती. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या गुन्ह्याला अशी किमान मर्यादा नाही तो या वर्गात बसत नाही, आणि ज्या प्रकरणात हे ठरले ते अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मोटारीखाली झालेल्या मृत्यूचेच होते. ज्यांचे माणूस गेले त्यांना हा निकाल कसा वाटला असेल, याची मी कल्पना करू शकतो. तरीही टॅम्पातल्या सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या न्यायालयात मिळालेली शिक्षा आणि येथल्या बाल न्याय मंडळाचा विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवण्याचा आदेश, यांपैकी कोणता न्याय अधिक खरा आहे हे मला ठरवता आलेले नाही. मी स्वतः त्या वयाचा होतो तेव्हा मला काय कळत होते, हा प्रश्न प्रत्येक वेळी मध्ये येतो. धोका कळत होता. दुसऱ्या कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागेल, हे कळत नव्हते.

मूल सुटले तरी घर सुटत नाही, हा या कायद्यांचा आणखी एक भाग आहे. जुन्या मराठी दस्तऐवजांत अल्पवयीन व्यक्तीला 'अज्ञान' आणि तिच्या पालकाला 'अज्ञान पालनकर्ता' म्हणत. हा शब्द मला मोटार वाहन कायद्याचे कलम १९९-अ वाचताना आठवला. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी आहे असेच हे २०१९ चे कलम धरून चालते: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. गाडी मुलाने पालकाच्या संमतीनेच घेतली, असे न्यायालयाने गृहीत धरायचे. मला माहीत नव्हते किंवा मी ती रोखण्यासाठी सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर असतो. आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. सतराव्या वर्षी आठ वर्षे म्हणजे निम्मे आयुष्य असते. कॅलिफोर्नियात हीच जबाबदारी एका सहीतून येते: अल्पवयीन मुलाच्या परवान्याच्या अर्जावर जो मोठा माणूस सही करतो, त्याच्यावर मुलाच्या निष्काळजी चालवण्यातून होणाऱ्या नुकसानीची दिवाणी जबाबदारी येते. ती नको असल्यास तो आपली सही मागे घेऊन परवाना रद्द करवू शकतो. घरातल्या जेवणाच्या टेबलावर असा अर्ज परत मागे घेण्याचा संवाद कसा होत असेल, कोण जाणे.

विम्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात विचार करण्यासारखे फार नाही, फक्त धक्का आहे. शर्यत आणि वेगाची चाचणी यांतून झालेले नुकसान मोटार विम्याच्या करारांतून सर्रास वगळलेले असते. भारतात मृताच्या वारसांना विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती चालकाकडे परवाना नसल्यास गाडीच्या मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देत आली आहेत. ती वसुली घर आणि जमिनीपर्यंत पोहोचू शकते.

गाडी जप्त करण्याचा मार्ग मात्र सर्वांनाच आवडलेला दिसतो. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात पोलीस रस्त्यावरच तीस दिवसांसाठी परवाना निलंबित करतात आणि गाडी चौदा दिवस ताब्यात ठेवतात. खटला नंतर चालतो. न्यूझीलंडने २००९ मध्ये त्याही पुढे जाऊन वारंवार गुन्हा करणाऱ्यांची गाडी यंत्राखाली चिरडून टाकण्याची तरतूद केली, आणि ती आणणाऱ्या मंत्री ज्युडिथ कॉलिन्स यांना त्यावरून 'क्रशर' हे टोपणनावच मिळाले. प्रत्यक्षात चिरडल्या गेलेल्या गाड्या अगदी मोजक्या आहेत. मला यात शिक्षेपेक्षा देखावा अधिक दिसतो. मुले आपल्या गाडीवर किती जीव लावतात हे मात्र तो कायदा करणाऱ्यांना नीट ठाऊक असावे.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. त्याने कलम आणि वर्षे यांकडे फारसे लक्ष दिले नाही. त्याने विचारले, "मामा, पण तुमची रेस झाली तेव्हा तो दुसरा पडला असता तर?" मी म्हणालो की आम्ही थांबलो असतो. मग माझ्या लक्षात आले की आम्ही एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. तो डावीकडे वळला हे मला आठवते, की आम्ही पुढे निघून गेल्यावर त्याचा दिवा दिसेनासा झाला म्हणून मी तसे धरून चाललो, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. मित्रालाही विचारले. त्याला फक्त हिरवा दिवा आठवतो. त्या मुलाचे नाव आम्हाला तेव्हाही माहीत नव्हते, आजही नाही.